आप्पांचा सूर आणि नाडीकान

"तुझ्या वडिलांचं गुणगुणणं नाडीकानातनं पुसायचं म्हणजे पुसायचं!" निरगुडकर इंजिनिअर माझ्यावर खेकसला. "रोज खोटा भोंगा, अख्खा वॉर्ड पळतोय!"

"हात लावून तर बघा."

"आठवीत शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये."

तांबवेकर डॉक्टरीणबाई मधे पडल्या. "रणजित, ऐक. आप्पांचा जबड्याचा कॅन्सर काढला, मग रेडिएशनचा शेक दिला. त्यानं मानेतली मोठी रक्तवाहिनी विरते. फुटली तर पाच मिनिटांत खेळ खलास. म्हणून मानेवर ही पट्टी, नाडीकान. वाहिनीची भिंत पातळ झाली की रक्ताचा आवाज बदलतो, तो ही पट्टी ऐकते. आप्पा गप्प असले की सगळं स्वच्छ. गुणगुणले की फसते."

"तो सूर ओळखीचा म्हणून शिकवला की भोंगा बंद," निरगुडकर म्हणाला.

आप्पा कॉटवर बसलेले. जीभ अर्धी गेली, शब्द फुटत नाहीत. पण चाकावर बसून मडकी घडवताना लावायचे तो सूर अजून येतो. मी त्या सुरावर झोपलोय, ओल्या मातीच्या वासात, त्यांच्या मांडीला टेकून. शाळा सोडली ती पण त्याच्यासाठीच, खोटं कशाला बोलू? आता तोच पुसणार म्हणे.

"मॅडम, ते ऑपरेशन झाल्यापासून गुणगुणतायत. भोंगा कधीपासून वाजतोय?"

निरगुडकरनं पडद्यावर बघितलं. "पट्टी आधीपासून आहे, भोंगा मंगळवारपासून."

"मग सूर तोच आहे, गळा बदललाय! बाजारात आम्ही मडकं टिचकी मारून देतो. नुसतं ठेवलेलं मडकं चीर दाखवत नाही. तुमची मशीन ठेवलेल्या मडक्याला कान लावून बसलीय. टिचकी आप्पा मारतायत, आतनं."

बाईंनी तिथल्या तिथं मानेचा फोटो काढायला लावला. रक्तवाहिनीच्या भिंतीला हरभऱ्याएवढा फुगा. आत नळी बसवायची, लगेच.

मी आप्पांकडं बघून हसलो. जिंकलो ना. तेही खूश झाले, मान हलवून गुणगुणायला लागले.

"थांबवा त्यांना!" बाई ओरडल्या. "चिरलेल्या मडक्याला अजून किती टिचक्या मारणार? त्या थरथरीनंच फुटेल!"

ज्या सुरासाठी भांडलो, त्याच्यावर मीच हात दाबला, आप्पांच्या तोंडावर. आप्पा डोळे मोठे करून बघत राहिले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या सुराची लाज वाटली.

हात काढला की ते परत सुरू करतात. भूल चढेपर्यंत मलाच सोबत राहायचंय. ट्रॉली आली. जातो मी.