एकट्याने समोर बसा

संशय हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे, असं मी घरी सांगते. नवरा म्हणतो, "राहू दे. तू एक दिवस दूधवाल्यालाही डोळे मिटायला लावशील."

लावीन की! अमरावतीच्या एका सहकारी बँकेत मी पडताळणीच्या टेबलावर बसते. मोठी रक्कम ऑनलाइन पाठवायची असेल तर ग्राहकाला आधी व्हिडिओवर माझ्यासमोर यावं लागतं. मी त्याला मान वळवायला लावते, डोळे मिटायला लावते, एखादा आडवातिडवा प्रश्न विचारते. माणूस तोच आहे अशी खात्री पटली की होकार देते. मग त्याची डिजिटल सही उमटते आणि पैसे जातात. झोपलेल्या बापापुढे फोन धरणारे लेक मी पाहिलेत. सासूचं लुगडं नेसून, पदर ओढून बसलेली सूनही पाहिली, आणि तिला अशी झापली की तिनं पुन्हा फोन लावला नाही.

आमच्याकडची खोड म्हणजे एकटं कोणी बसतच नाही. फोन लागला की शेजारीण येते, नातू डोकावतो, मागून कोणीतरी "सांग नं व माय" म्हणत उत्तर पुरवतं. मग पडद्यावर लाल पाटी येते: एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. कृपया एकट्याने समोर बसा. दिवसभर मी तेच ओरडत असते. सकाळी मशीन सुरू करताना ते माझाही चेहरा असाच तपासतं. माझी खुर्ची मी मुद्दाम भिंतीला टेकवून घेतली आहे. मागून कोणी माझ्या पडद्यात डोकावलेलं मला खपत नाही.

जानेवारीतली दुपार होती. अकोल्याहून शेषराव ढोले यांचा व्हिडिओ आला. हे मोर्शीकडचे संत्र्याचे बागाईतदार, सत्तरीचे. अंगात स्वेटर, मागे दवाखान्याची हिरवट भिंत. फोन त्यांच्या पुतण्यानं, अनुपनं धरला होता. त्याचा अंगठा तेवढा कडेला दिसत होता.

"लवकर करा बाई. तिले आत नेऊन राहिले."

ती म्हणजे जाईबाई, त्यांची बायको. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती आणि पैसे भरल्याशिवाय ऑपरेशन सुरू होणार नव्हतं. मी मान वळवायला लावली, डोळे मिटायला लावले. सगळं ठीक. होकाराचं बटण दाबणार तेवढ्यात मशीननं अडवलं. याच खात्यावर दुसरी पडताळणी सुरू होती. कोणीतरी हेच पैसे थांबवायला सांगत होतं.

आला चोर, म्हटलं. शेषरावांना थांबायला सांगून मी दुसरी खिडकी उघडली.

तिथंही शेषरावच होते.

अंगणात बाजेवर बसलेले, अंगात पांढरी बंडी. भुवईवरचा तीळ तोच, समोरचा अर्धा दातही तोच. हा व्हिडिओ त्यांच्या घरच्या जुन्या फोनवरून येत होता. तो नंबरही खात्याला जोडलेला होता.

"पैसे देऊ नोका बाई," ते शांतपणे म्हणाले.

माझं डोकं सणकलं. हल्ली चेहरे बनवून मिळतात, हे आम्हाला शिकवलं आहे. तोंडावरून हात फिरवायला लावला की बनवलेला चेहरा थरथरतो.

"तोंडावरून हात फिरवा. आता डावा कान धरा."

त्यांनी हात फिरवला, कान धरला आणि हसले. "मास्तरावानी करून राहिल्या बाप्पा तुमी."

चेहरा जरासुद्धा हलला नाही. एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि त्यांच्या अंगणात मावळतीचा उजेड. बाजेची सावली पार कुंपणापर्यंत गेली होती.

"पैसे काहून थांबवायचे, काकाजी?"

"ती अठीच हाये नं. मंग आपरेशन कायचं?"

त्यांनी फोन वळवला. बाजेच्या टोकाला जाईबाई बसल्या होत्या. खातं दोघांच्या नावावर असल्यानं त्यांचा फोटो माझ्यासमोरच होता. मी तो तीनदा पडताळून पाहिला. त्या संत्रं सोलत होत्या. आमच्या बंद खोलीत सालीचा वास आला. समोरच्या टेबलावर माझी सहकारी पायल मिरचीचा ठेचा आणि भाकर खात होती.

जाईबाईंनी दोन फोडी पुढे केल्या. एक माझ्याकडे, दुसरी जरा वर, माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"घ्या नं बाई. दोघी घ्या."

म्हातारं माणूस, बोलण्यात चुकलं असेल, असं मी धरून चालले.

पहिल्या खिडकीत अनुप ओरडला, "मॅडम, डॉक्टर बोलावून राहिले! काय करता?"

मी दोन्हीकडचे आवाज चालू केले आणि विचारलं, "लग्नाआधी जाईबाईंना पाहायला कोण गेलं होतं?"

"कोनी नाही. मीच गेलतो सायकलवर. पंचर झाली, अन् हिच्याच बापानं काढून देल्ली."

दोन्ही शेषराव बोलले. एकाच दमात, एकच वाक्य. मध्ये घेतलेला श्वासही एकच.

अशा वेळी काय करायचं, याचा नियम नाही. खोटा कोण ते मला कळलं नाही. पण रडत होता तो एकच, अकोल्याचा.

मी त्याला होकार दिला. सही उमटली. पैसे गेले.

अंगणातले शेषराव रागावले नाहीत. "नेता तिले? न्या. पन मंग अठी कोनी तरी लागन सोबतीले. मानसानं एकटं कसं बसावं?"

जाईबाई उठल्या, मांडीवरच्या साली झटकल्या आणि अंगणाबाहेर गेल्या. खिडकी आपोआप बंद झाली.

जाईबाई वाचल्या. महिन्याभरानं, म्हणजे काल, दोघं थैलीभर संत्री घेऊन बँकेत आले. जाईबाईंच्या डोक्याला रुमाल होता, चालणं हळू, पण चेहऱ्यावर तेज होतं. मला इतकं बरं वाटलं की मी उठून त्यांचे हात धरले. मग न राहवून घरच्या फोनचं विचारलं.

"तो त बंद पडून हाये कपाटात," शेषराव म्हणाले. "घरालेबी कुलूप व्हतं. काहून?"

"काही नाही, सहज."

जाईबाईंनी एक संत्रं माझ्यासमोर ठेवलं. दुसरं टेबलाच्या माझ्याकडच्या कोपऱ्यावर.

"अन् हे त्या बाईले."

"कोणत्या बाईला?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. शेषराव ओशाळले. "आपरेशनपासून असंच बोलते हे. मनावर घेऊ नोका."

मीही हसले. माझं संत्रं पर्समध्ये टाकलं. दुसऱ्याला हात लावावासा वाटला नाही.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी आले. खुर्ची भिंतीला टेकलेलीच होती. कोपऱ्यावरचं संत्रं नव्हतं. त्याची साल होती, ओली.

मी बसले. कॅमेरा सुरू केला. काच पदरानं पुसली.

लाल पाटी आली.

एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. कृपया एकट्याने समोर बसा.