आखणीघरातली फुली

गोदीला शंभर वर्षं होणार होती आणि मालकांना पाहुण्यांपुढे आपला इतिहास मिरवायचा होता. दुसरं कोणी असतं तर भिंतीवर फोटो लावून मोकळं झालं असतं. पण एम्स नदीकाठच्या या गोदीचा इतिहास आखणीघराच्या लाकडी जमिनीत गाडलेला होता. प्रत्येक जहाजाचा आकार आधी तिथे पूर्ण मापात सुरीने कोरायचा, जहाज पाण्यात गेलं की वर काळा रंग फासायचा आणि त्यावर पुढचं कोरायचं. एखादं बुडाल्याची खबर आली, तर रंग खरवडून त्याच्या आकारावर फुली मारायची. तेव्हा सगळ्यात खालचं, पहिलं जहाज उघडं करा, असा हुकूम सुटला.

ओनो आणि हाब्बो हे दोन जुने आखणीकार सकाळपासून गुडघ्यांवर बसून रंग खरवडत होते. बाहेर दाट धुकं होतं आणि आत डांबराचा, ओल्या लाकडाचा वास कोंडला होता. दुपारी शेवटचा थर निघाला.

"हे बघ!" हाब्बो खिदळला. "पणजोबांची पट्टीसुद्धा तुझ्यासारखीच सरकायची. रेघेला पोट सुटलंय."

ओनोला हसू आलं नाही. गेल्या वर्षी 'ग्रेत्ये' जहाज कोरताना त्याची पट्टी सरकली होती, आणि मालकांच्या जहाजाला दिवस गेलेत म्हणून गोदीभर त्याची टिंगल झाली होती. तोच फुगवटा, तीच जागा. त्याचीच रेघ, शंभर वर्षांच्या रंगाखाली! आणि तिच्यावर फुली होती. फुलीच्या खाचेत जुना रंग गच्च बसला होता.

'ग्रेत्ये' त्या घटकेला समुद्रात होतं. ओनोचा एकुलता एक मुलगा त्यार्क त्यावर होता.

ओनोने धावत जाऊन फोन उचलला आणि बंदरातल्या रेडिओवाल्याकडून जहाज गाठलं.

"बाबा? अहो, सगळं ठीक आहे. समुद्र अगदी शांत आहे. उद्या चहाला घरी येतो. आईला सांगा, चहातली खडीसाखर लपवू नकोस म्हणावं!"

ओनोच्या जिवात जीव आला. पण ती फुली काही त्याला बघवेना. त्याने रंधा उचलला.

"अरे, मालक जीव घेतील!"

"घेऊ देत."

फुली गेली. पण घाईत रंधा जरा पुढे सरकला आणि जहाजाच्या नाकापाशी वीतभर रेघही सोलून निघाली.

रेडिओवाल्याचा फोन आला. हाब्बोने तो घेतला आणि पांढराफटक पडला.

"ओनो... 'ग्रेत्ये'त पाणी शिरतंय. कशाला धडकलं नाही, काही नाही. नाकाशी वीतभर भोक... कडा रंधा मारल्यासारख्या गुळगुळीत आहेत म्हणे. त्यार्क खाली अडकलाय."

"माझ्या हाताने... माझ्याच हाताने!" ओनो किंचाळला. सुरी घेऊन तो जमिनीवर पालथा पडला आणि गेलेली रेघ पुन्हा कोरू लागला. बोट कापलं, रक्त आलं, त्याला शुद्ध नव्हती. शेवटी दोन्ही टोकं जुळली.

"थांबलं!" हाब्बो ओरडला. "पाणी थांबलं! भोकच बुजलंय!"

ओनोने सुरी टाकली आणि ढसाढसा रडायला लागला.

हाब्बोने फोन कानावरून काढला नव्हता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"ओनो... त्यार्क खालून विचारतोय, बाहेरून पत्र्यावर सुरीने कोण कोरतंय?"

"मीच रे तो. संपलं म्हणावं आता."

"नाही ओनो," हाब्बो कुजबुजला. "अजून कोरतंय... आता तिरकं."