‘लोविसा’ऐवजी ‘लोविना’ वाचावे

आशेर टिडवेल छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. उलटी अक्षरं वाचायची सवय डोळ्यांना इतकी जडली होती की रस्त्यावरची सुलटी पाटी वाचताना तो क्षणभर अडखळायचा. नॉवू गावात स्वतःला संत म्हणवणाऱ्या ख्रिस्ती पंथाची वस्ती होती, त्यांचं साप्ताहिक तिथे निघे. त्यातली प्रवचनं आणि लग्नं इतर जुळारी वाटून घेत, मृत्यूचा रकाना बहुतेक वेळा आशेरच्या गळ्यात पडे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस नदीकाठच्या दलदलीतून हिवताप वर चढायचा आणि तो रकाना लांबत जायचा. मागच्या वर्षी त्याच रकान्यात त्याने आपल्या बायकोचं नाव जुळवलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. प्रूफ मात्र त्याने वाचलं नाही. त्याला वाचवेना.

लोविना बाप्तिस्मा न घेताच गेली होती. नदीचं पाणी जरा तापू दे, असं दोन वर्षं म्हणत राहिली आणि तापाने तिलाच गाठलं. संतांमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरू शकतो, पण बाईसाठी बाईनेच उतरायचं असा दंडक होता. म्हणून शेजारची सिस्टर केझाया मंदिराच्या तळघरातल्या हौदात तिच्या नावाने बुडी मारून आली. नोंदवहीवाल्या ब्रदर ओबेडला नाव हवं होतं. आशेरच्या तोंडून ते निघेना, तेव्हा त्याने खिशातलं वर्तमानपत्राचं कात्रण काढून दिलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसला. छापलेलं चुकत नाही असं बाकीच्या जगाने मानलं तर ठीक आहे. जुळाऱ्याने मानू नये.

लोविनाची एक खोड होती. ती आशेरवर रागावली की भांडत नसे, त्याचं ताट फळीवर पालथं घालून ठेवायची. म्हणजे आज या घरात तुला जेवण नाही. सात वर्षांच्या संसारात त्याने पालथं ताट तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा चूक त्याचीच होती. ती गेल्यावर ते ताट कायम उताणंच राहिलं. त्याला याचंही फार वाईट वाटायचं.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो घरी आला तर मेजावर त्याच्या ताटासमोर दुसरं ताट मांडलेलं होतं. सकाळी आपणच सवयीने मांडलं असेल असं म्हणून त्याने ते उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा तिथेच होतं, शेजारी मगही होता. मगाचा कान उजवीकडे वळवलेला होता. लोविना डावखुरी होती.

मग चुलीतली राख काढलेली दिसू लागली. सदऱ्याची फाटलेली बाही शिवून खुंटीला लटकली. आशेरने ती उजेडात धरून पाहिली. लोविनाचे टाके डावीकडे कलायचे, हे उजवीकडे कलले होते. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. वर्षभर भिंतींशी बोलून तो थकला होता, आणि टाके कुठे कलतात याची चौकशी करण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. “लोविना?” तो हलकेच म्हणायचा. उत्तर यायचं नाही.

एके दिवशी सिस्टर केझायाने त्याला कुंपणापाशी अडवलं.

“ब्रदर टिडवेल, रागावू नका, पण घरात कोणाला आणून ठेवलंय?”

“कोणाला नाही.”

“मोठ्या मंडळींच्या घरात दुसरी बायको येते, ते आमच्या कानावर असतं. तुम्ही आपले साधे जुळारी, म्हणून विचारलं हो. उंच आहे, लाल केसांची. खिडकीत शिवत बसलेली असते. मी हात केला तर ओळख असल्यासारखी हसली माझ्याकडे.”

लोविना बुटकी होती आणि तिचे केस काळे होते. आशेर घाईने घरात गेला. घर रिकामं होतं.

त्या आठवड्यात छापखान्यात आवराआवर चालली होती. वसंत येताच सगळं गाव गाड्या जुंपून पश्चिमेला निघणार होतं, त्यामुळे जुने अंक बांधायचं काम आशेरकडे आलं. बांधता बांधता मागच्या वर्षीचा तो अंक हाताला लागला आणि पहिल्यांदाच त्याने रकाना वाचला.

लोविसा टिडवेल. आशेर टिडवेल यांची पत्नी. वय सव्वीस.

एकाच खिळ्याची चूक होती. ‘एन’च्या खणात कोणाच्या तरी हातून ‘एस’ पडला असणार आणि रडक्या डोळ्यांनी त्याने तोच उचलला असणार. छापलं तेच कात्रणात आलं, कात्रणातलं नोंदवहीत आणि नोंदवहीतलं पाण्यावर मोठ्याने म्हटलं गेलं. वर्षभर लोविना कुठेतरी बाहेरच उभी होती. तिचं नाव कोणीच पुकारलं नव्हतं.

तो तडक ओबेडकडे जायला निघाला होता, पण पाय घराकडे वळले. मेज मांडलेलं होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो म्हणाला, “लोविसा.”

खुर्ची हळूच पुढे सरकली, कोणी सावरून बसल्यावर सरकते तेवढीच.

चार दिवस तो ओबेडकडे गेला नाही. चारही दिवस त्या खुर्चीसमोर बसून जेवला, छापखान्यातल्या गोष्टी सांगत राहिला. एकट्याने जेवायची त्याला भीती वाटत होती, दुसरं कारण नव्हतं. पाचव्या दिवशी फळीवरच्या आपल्या ताटाकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

ब्रदर ओबेडने वही काढली, नावावर बोट ठेवलं.

“हे खोडा,” आशेर म्हणाला.

“खोडायचं कसं? इथं लिहिलं ते वर लिहिलं गेलं. मी रेघ मारली तर हिचं काय होईल?”

“हिचं म्हणजे कोणाचं? अशी बाईच नव्हती कधी.”

“नसेल,” ओबेड म्हणाला. “पण आता बाप्तिस्मा झालाय ना तिचा.”

त्याने वही मिटली. खोडणार नाही, फार तर शनिवारी नवी नोंद करू, एवढ्यावर तो कबूल झाला.

शुक्रवारी आशेरने चूकदुरुस्तीची ओळ जुळवली आणि प्रूफ तीनदा वाचलं. शनिवारी दुपारी तो पायरीवर बसला नाही, हौदाच्या कडेला उभा राहिला. लोविना टिडवेल, असं म्हटलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

केझाया पाण्यातून वर आली ती थरथरतच. घोंगडी गुंडाळून घेताना तिने त्याला जवळ बोलावलं.

“मागच्या खेपेला काही झालं नव्हतं. ह्या वेळी खाली कोणीतरी माझं मनगट धरलं होतं.” तिने मनगट चोळलं. “डाव्या हाताने.”

आशेर जवळजवळ पळतच घरी निघाला. वर्षभरात प्रथमच त्याला घरी जायची ओढ वाटत होती. लोविनाला काय सांगायचं ते तो वाटेत जुळवत होता. आधी माफी मागायची होती, बाकीचं नंतर.

त्याने दार ढकललं.

चूल पेटलेली होती. मेज मांडलेलं होतं.

दोन ताटं होती, समोरासमोर. एका मगाचा कान उजवीकडे होता, दुसऱ्याचा डावीकडे. दोन्ही खुर्च्या पुढे ओढलेल्या होत्या, दोघी नुकत्याच बोलायच्या थांबल्या असाव्यात तशा.

तिसरी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती.

त्याने फळीकडे पाहिलं. त्याचं ताट स्वच्छ घासून पालथं घातलेलं होतं.