मूठभर जळकं भात

"जुना तवा मिळेल का? आणि... मूठभर भात?"

जनेलाच्या गजांबाहेर उभा असलेला माणूस गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखला होता. क्षमानं त्याला खालून वर न्याहाळलं.

"शिजवलेला?"

"नाही, सालासकट. जाळायचंय."

गोव्यातल्या या कारापुरात दारावर वर्गणीवाले येतात, पापडवाल्या येतात; पण भात मागून जाळणारा हा पहिलाच! सुगी नुकतीच घरात आलेली, आणि हा लक्ष्मी जाळायच्या गोष्टी करतोय. तरी तिनं तवा दिला. भातही दिलं. वर चहाचं विचारलं – का, ते तिलाच कळलं नाही.

तो अविनाश. मूळचा गडहिंग्लजचा, पुण्यातल्या एका पुरातत्त्व संस्थेत नोकरीला. नदीकाठच्या तिच्याच माडांच्या भाटात तो जुन्या वस्तीचं खोदकाम करायला आला होता; तिथं सापडणारे जळके दाणे ताडून बघायला त्याला ताजं भात जाळायचं होतं. परवानगीच्या कागदावर तिच्या भावानं, गौरेशनं, वास्कोहून परस्पर सही केलेली. क्षमाला कुणी विचारलंच नव्हतं. तसं तिला कुणी काही विचारत नसेच. चौतिशीची झाली तशी स्थळं यायची बंद झाली होती. आई ती नऊ वर्षांची असताना गेली, बाबा तीन वर्षांपूर्वी. गौरेश चतुर्थीला यायचा आणि निघताना "काळजी घे" म्हणायचा. पाववाल्या पोदेराकडून ती रोज एकच उंडा पाव घ्यायची, तोही अर्धा उरायचा. संध्याकाळी घर इतकं गप्प असायचं, की ती उगाच भांडी जोरात ठेवायची.

आता मात्र संध्याकाळी चार वाजले, की ती चहाचे दोन कोप घेऊन भाटात जाऊ लागली.

"हे बघ," अविनाशनं तिला भिंगाखाली दोन दाणे दाखवले. "रानभाताचा दाणा पिकला, की आपोआप गळून पडतो. त्याचं टोक गुळगुळीत असतं. माणसानं पिढ्यान्पिढ्या पेरलेला दाणा गळत नाही, लोंबीला धरून राहतो. तो झोडपून काढावा लागतो. म्हणून त्याच्या टोकाला तुटल्याची खूण असते. अशी खूण असलेले जळके दाणे सापडले, की समजायचं... इथं शेती होत होती."

"म्हणजे मार खाल्ल्याशिवाय सुटत नाही तो?"

"नाही."

"मग शहाणा कोण, सर? गळणारा की धरून बसणारा?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर मातीची एक रेघ मोडली, आणि क्षमाचं भिंगावरचं लक्ष उडालं. 'सर' पुढं दोनच दिवस टिकलं. गोव्यात अहो-जाहो फार तग धरत नाही.

आणि एक दिवस कमरेइतक्या खोल खड्ड्यात, जुन्या खापरांच्या थरात, तीन दगड लागले. मध्ये राख. राखेत मूठभर जळकं भात, सगळ्या दाण्यांच्या टोकांना तुटल्याच्या खुणा.

"क्षमा! चूल आहे ही! खापरांच्याच काळातली असणार – अडीच-तीन हजार वर्षांची तरी!" त्यानं आनंदाच्या भरात तिचा हात धरला. लक्षात आल्यावर सोडला... पण जरा उशिरानं.

क्षमा हसली. मग तिनं खाली पाहिलं, आणि तिचं हसू तिथंच थिजलं.

चूल तिच्या आईची होती.

उकड्या तांदळासाठी आई इथंच पार खापरं लागेपर्यंत खड्डा करून तांब्याच्या भाणात भात उकडायची. उतू गेलेले दाणे विस्तवात पडून करपायचे, त्याचा वास क्षमाला अजून ओळखू आला असता. आई गेली, त्याच वर्षी पुराच्या गाळानं चूल बुजली. मग कुणी उकरली नाही.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर खोदाई थांबेल. थांबली तर हा जाईल. आज राहू दे... उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. या चुलीमुळं त्याला मे महिन्यापर्यंत मुदतवाढ मिळणार होती. पणजीच्या परिषदेत शुक्रवारी तो या चुलीवर निबंध वाचणार होता. सगळ्यांसमोर. वर्षभरानं कुणीतरी तपासणी करून त्याला खोटं पाडलं असतं.

बुधवारी चारला ती रिकाम्या हातानं भाटात गेली.

"अविनाश, ही चूल जुनी नाही. माझ्या आवयची आहे."

"थट्टा पुरे."

"डावा दगड उलटा कर. खालच्या अंगाला खाच आहे. नारळ फोडताना माझा कोयता बसला, म्हणून तिनं तो पालथा लावलेला."

त्यानं दगड उलटला. खाच होती. त्यानं खाचेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "तुला हे आत्ता आठवलं?"

'हो' म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं.

"नाही. पहिल्याच दिवशी. बारा दिवस झाले."

"बारा दिवस..." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "रोज चहा आणलास. मी काय काय बडबडत होतो, आणि तू ऐकत होतीस?" उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

गुरुवार, शुक्रवार भाटात कुणी नव्हतं. शनिवारी फावड्याचा आवाज आला. तो एकटाच खड्डा बुजवत होता. क्षमा जाऊन उभी राहिली.

"निबंध मागे घेतला," तो न बघताच म्हणाला. "सोमवारी पुण्यात खुलासा द्यायचाय. का गप्प राहिलीस, तेवढं सांग."

तिनं मनात नीट मराठी वाक्यं जुळवली होती. आयत्या वेळी आली ती घरची कोंकणीच.

"सांगल्यार तू सोडून वतलो. आणि माका... माका एकटें रावपाचो कंटाळो आयला रे. तू आयल्यार घरांत आवाज येता."

फावडं थांबलं. नदीपलीकडे कुणीतरी गुरांना हाका घालत होतं.

"मी अजून रागावलेलोय, क्षमा."

"ठावक आसा."

"पणजीहून थेट पुण्याची बस होती. ती सोडून इकडची, डिचोलीची धरली, म्हणून स्वतःवरही रागावलोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. त्यानं शेवटची माती ओढली, पिशवी खांद्याला अडकवली, आणि जायचं की थांबायचं ते न कळल्यासारखा उभा राहिला. आता संस्थेच्या लेखी या भाटात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, परत यायला संस्थेचा कागद मिळणार नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं. क्षमा मात्र या वेळी गप्प राहिली नाही.

"रागान ये, अविनाश," ती म्हणाली. "पूण ये."