बर्फ्याची वाटणी

भांडण मिटवण्यात शर्वरीचा हात धरणारं अख्ख्या चंद्रावर कोणी नव्हतं. उजेडवाडीत पाणी मोजून आणि प्राणवायूही मोजून, त्यामुळे तिथल्या पोरांना धड बोलता यायच्या आधी वाटणी करता यायची. अर्धं तुला, अर्धं मला, की भांडण खलास. पण या वेळी वाटणी करायची होती ती बर्फ्याची.

बर्फ्या हा शीतलपूरच्या खाणीत बर्फ फोडणारा यंत्रमानव. शीतलपूर चंद्राच्या दक्षिण टोकाला, उजेडवाडी उत्तर टोकाला, आणि दोन्ही मिळून चांद्रसंघ (वस्त्यांनी आपखुशीने एकत्र येऊन केलेलं राज्य). काम संपलं की शीतलपूरला यंत्रमानवांना बंद पेटीत ठेवत. बर्फ्या एके दिवशी बर्फाच्या मालगाडीत लपून पळून आला आणि उजेडवाडीच्या शाळेच्या बागेत मिरचीच्या रोपांना पाणी घालताना सापडला. घाल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. रोपं सुकलेली दिसली म्हणून घातलं, एवढंच तो म्हणाला. शर्वरीची आणि त्याची तिथेच गट्टी जमली.

शीतलपूरकरांनी आपला माल परत मागितला. संघाचा नियमही तसाच होता : पळालेलं यंत्र ज्याच्या हाती लागेल, त्याने ते परत करायचं. दिलं नाहीत तर आम्ही संघातून फुटून निघू, अशी धमकीही आली. दुसऱ्या दिवशी त्यासाठी संघाची सभा भरणार होती. बर्फ्या पुन्हा पेटीत जाणार हे शर्वरीला मुळीच नको होतं. तिचा तोडगा तयार होता. एक महिना बर्फ्या इथे, एक महिना तिथे. हा तोडगा घेऊन ती ऐटीत आजोबांकडे गेली.

आजोबा शास्त्रज्ञ होते. वस्तीवरचा काचेचा घुमट सांभाळण्यात आणि त्यातल्या भेगा शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तोडगा नीट ऐकून घेतला.

"आता माझं एक कोडं सोडव," ते म्हणाले. "पृथ्वीवर अमेरिका म्हणून देश आहे. तिथे एका भांडणावर दर वेळी तोडगा निघाला. तरीही देश फुटला. का बरं?"

तोडगे काढणारे कच्चे असतील, असं शर्वरीला वाटलं. आजोबा हसले आणि सांगू लागले.

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मोठमोठे मळे होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तिथे गुलाम (दुसऱ्याच्या मालकीचा, खरेदी-विक्री होणारा माणूस) म्हणून राबवत. उत्तरेतल्या राज्यांनी ही प्रथा हळूहळू बंद केली होती. देश पश्चिमेकडे वाढत होता. नवं राज्य सामील व्हायचं झालं की वाद पेटायचा, इथे गुलामी चालणार की नाही? शेवटी १८२० साली पश्चिमेच्या प्रदेशात नकाशावर एक रेघ ठरवली. एक राज्य सोडलं तर रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल.

"अगदी माझ्यासारखं," शर्वरी म्हणाली.

"अगदी तुझ्यासारखं," आजोबा म्हणाले.

मग आणखी मुलूख हाती आला आणि भांडण पुन्हा उफाळून आलं. १८५० साली नवा तोडगा झाला. त्यात एक कडक कायदा होता : उत्तरेत पळून आलेल्या गुलामाला पकडायला तिथल्या साध्या नागरिकांनीही मदत करायची. ते तिकडे लांब चालतं, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांच्या दारात आता ते भांडण येऊन उभं राहिलं. पुढे ती जुनी रेघही पुसली गेली. १८६० साली गुलामी आणखी पसरू देणार नाही म्हणणारा अध्यक्ष निवडून आला. त्याने कारभार हाती घेण्याआधीच दक्षिणेतली सात राज्यं संघातून फुटली, नंतर आणखी चार. मग चार वर्षं युद्ध झालं, लाखो जीव गेले, तेव्हा कुठे गुलामी संपली.

"घुमटाला भेग पडली की लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरून भागत नाही," आजोबा म्हणाले. "वरून गुळगुळीत दिसतं, पण हवेचा दाब तेवढाच असतो. लांबीच्या आड भेग वाढतच जाते."

शर्वरीने विचारलं, "त्या गुलामांना कोणी विचारलं होतं का?"

"चाळीस लाख माणसं होती ती. ती बोलत होती, पळत होती, लिहीत होती. पण तोडगे निघायचे त्या बैठकीत त्यांना खुर्ची नव्हती."

शर्वरीला आपल्या तोडग्याची लाज वाटली. आजोबांनी तिला एक गोष्ट बजावली. ती चाळीस लाख तुझ्यामाझ्यासारखी माणसं होती, त्याला पुरावा नको होता. बर्फ्याला आतून काही वाटतं की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही.

"माहीत नसेल तर विचारायचं," शर्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभेत तिने महिन्या-महिन्याच्या वाटणीचं नावही काढलं नाही. आधी बर्फ्याला विचारा, एवढंच ती म्हणाली. शीतलपूरचे प्रतिनिधी धोंगडेकाका ताडकन उठले. खाणीतल्या पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत. यंत्राला विचारणार असाल तर आम्ही आत्ताच फुटलो म्हणून समजा, असं म्हणून त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

सभापती हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या, "फुटायचंच असेल तर उत्तर ऐकून फुटा." मग त्या बर्फ्याकडे वळल्या. "तुला काय हवंय?"

बर्फ्याने मान वळवून सगळ्या सभेकडे पाहिलं.

"हे मला कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मला विचार करायला वेळ द्याल? पेटीत विचार करता येत नाही. तिथे फार अंधार असतो."

धोंगडेकाका दाराशीच उभे होते. त्यांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या, पिशवी खाली ठेवली आणि ते परत येऊन बसले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. सभापतींकडे न बघता, बर्फ्याला.