हात लावून पाहा

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा, आणि शब्दही साधेच आहेत.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका रात्री करडी गावात आमच्या खळ्यावर धनीराममामांनी हे सांगितलं. बाबा सकाळपासून छाती चोळत होते. "वात हाय," म्हणत ओवा चावत होते. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बिडी विझवली.

"सिहोऱ्याकडचा इश्वर कंपाउंडर माह्या ओळखीचा. पोळ्याची अमावस्या होती. डॉक्टर गावाले गेलेले. इश्वर रॉकेल आणाले निघाला, तं दवाखान्याच्या दारात टेकचंद हमाल. छातीवर मूठ दाबून उभा. घामानं चिंब.

'भाऊ, कळ हातात उतरून राहिली.'

इश्वर हसला. 'पुरणपोळ्या किती हाणल्या गा?'

'एकबी नाही. हात तं लावून पाहा.'

'सोड्याचं पाणी घे, अन् घरी जा.'

टेकचंद फाटकापाशीच पडला. तिथंच मेला.

त्याच्या तेरवीची रात्र. इश्वर दवाखान्यात एकटा. लाइट गेली. खिडकीवर कोणीतरी मूठ आपटली.

'कोण?'

...

'कोण हाय गा?'

गजांतून हात आत आला. इश्वरचं मनगट धरलं. ओढलं. गजावर हाड मोडलं. कटकन. खांदा निखळला. इश्वर ओरडला. पकड सुटेना. बाहेर त्याचा पंजा कशावर तरी दाबला गेला. गार. ओलं... छाती होती.

'आता... पाहा.'

आत धडधड नव्हती. मग तळव्याखाली बरगड्या मोडल्या. एक. अजून एक. पंजा आत गेला..."

मामा थांबले. बाबांचं ओवा चावणंही थांबलं होतं.

"मंग?" मी विचारलं.

"सकाळी लोकायनं सोडवला. हात वाळून गेला. नागपूरच्या डॉक्टरले मनगटात नाडी सापडली नाही. पण तळव्याले कान लावला तं..."

"तं काय, मामा?"

"धडधडते. म्या लावला हाय कान."



सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. "काल काय जेवलात?" त्यांनी विचारलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी मी टेबलाजवळ गेलो.

"साहेब, आधी हात लावून पाहा."

डॉक्टरांनी वर पाहिलं. पेन ठेवलं. बाबांच्या छातीवर हात ठेवला, मग नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग नर्सला हाक मारली, "यांना चालवू नका. खाट इकडेच आणा."