शनिवारी भरलेली हवा

शशिकला दुकानात शिरली तेव्हा दिनानाथ एका गिऱ्हाइकाला जहाजाची गोल खिडकी कोंबड्यांच्या खुराड्याला कशी शोभून दिसेल, ते समजावत होता. गिऱ्हाईक पटण्याच्या बेतात होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "पाण्याखाली घालायचं जाकीट मिळेल का?"

गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हे दुकान आपल्यासारख्या सरळ माणसाचं नव्हे, असं ठरवून ते चालू लागलं.

दिनानाथने त्याला अडवलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा एक सौदा फिसकटला होता आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. यावरून तरी त्याला काय ते कळायला हवं होतं.

दुकान उरण नाक्यावर होतं आणि ते दिनानाथच्या मामाचं, काशिरामशेठचं होतं. मुंबईत जहाजं तोडली की त्यांच्यावरचं सामान मामा ट्रकने पनवेलला आणायचा. कप्तानाची फिरती खुर्ची नाक्यावरच्या न्हाव्याकडे गेली होती. इंजिनखोलीतला भोंगा एका शाळेने घेतला होता आणि पहिल्याच दिवशी तो वाजताच शेजारच्या गोठ्यातल्या तीन म्हशी पळाल्या होत्या. नुकतीच कोकण रेल्वे सुरू झाली होती. आता पनवेल जगाला जोडलं गेलं, असं सगळे म्हणत होते. पण जगातल्या जुन्या पातेल्यांचा ओघ पनवेलकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

"जाकीट आहे," दिनानाथ म्हणाला. "पण ते पाण्याच्या वर राहायला घालतात ना? तुम्ही खाली म्हणालात."

"नुसतं वर राहायला मला जाकीट कशाला? मी उरणकडच्या करंज्याची. कोळ्याची पोर." तिने ओढणी खांद्यावर घट्ट ओढली. "हे पाणबुड्यांचं. हवा भरली की वर यायचं, सोडली की खाली जायचं. आणि बरोबर तेवढीच ठेवली की... मधे. ना वर, ना खाली."

"मधे राहून करायचं काय?"

"बघायचं."

दिनानाथला हे काम फार आवडलं. आजवर आयुष्यात त्याने हेच केलं होतं, तेही जाकीट न घालता.

शशिकला प्राणिशास्त्र शिकली होती. लक्षद्वीपला समुद्राखालच्या प्रवाळांची मोजणी करायची होती, त्यासाठी तिची निवड झाली होती. दोन वर्षांचं काम. टाकी आणि नळ्या तिकडे मिळणार होत्या, जाकीट मात्र ज्याच्या-त्याच्या अंगाला बसेल असं ज्याने-त्याने आणायचं होतं. तिच्या बापाने हे ऐकून चार दिवस जेट्टीवर जाणंच टाकलं होतं.

"का?" दिनानाथने विचारलं.

"तो म्हणतो, कोळ्याच्या पोरीला पाण्यात जायला जाकीट लागतं, हे मी चारचौघांत कसं सांगू."

माळ्यावर तीन जाकिटं निघाली. एक इतकं अवाढव्य होतं की त्यात शशिकला, तिचा बाप आणि होडीचं वल्हंसुद्धा मावलं असतं. दुसरं नारिंगी होतं. ते फुगवलं की सरळ वर सरकायचं आणि कानांना जाऊन भिडायचं. तिसरं काळं-निळं. ते तिने अंगात घातलं, हात वर केले, वाकून पाहिलं.

"कंबरेचा पट्टा जरा ओढा... एवढा नाही, श्वास राहू दे."

दिनानाथने पट्टा सैल केला. जहाजाच्या नांगराची साखळी तो एका हाताने उचलायचा, पण ह्या पट्ट्याचा चाप लावताना त्याची बोटं एकमेकांवर चढत होती. तिच्या केसांना खोबरेल आणि किंचित खाऱ्या वाऱ्याचा वास होता. त्याने नजर खाली, थेट फरशीवर ठेवली. फरशी कधी नव्हे ती स्वच्छ दिसली.

"हे बसलं," ती म्हणाली. "पण आज नाही घेणार. रात्रभर फुगवून ठेवायचं, सकाळी तेवढंच टणक राहिलं तर ठीक. मी शनिवारी इथे मावशीकडे मुक्कामाला असते. उद्या येते बघायला."

तिने नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून हवा भरली. जाकीट डेरेदार झालं. ती गेली.

रविवारी सकाळी दिनानाथने दुकान उघडलं. जाकीट कालच्याइतकंच टणक होतं. म्हणजे ती येणार, दाबून बघणार, घेणार आणि लक्षद्वीपला जाणार. पुढचा विचार त्याने केलाच नाही. त्याने जाकिटाला मिठी मारली, बटण दाबलं आणि आतली अर्धी हवा हळूहळू सोडून दिली. तिचाच श्वास तो. मानेवर कोमट लागला.

"गळतं वाटतं," ती आल्यावर म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," दिनानाथ म्हणाला. त्याचा चेहरा बघून कुणीही त्याला सांत्वनाचे दोन शब्द बोललं असतं. "तुम्ही पुढच्या शनिवारी या. एकदा फुगवून काय कळतंय."

मग शनिवारी हवा भरायची आणि रविवारी ती गेलेली असायची. जोडीला चहा असायचा. "तुम्ही" कधी "तू" झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"जाकीट विकायचं नाहीये तुला," एकदा ती बशीत चहा ओतत म्हणाली.

"विकायचंय की. पण चांगलं गिऱ्हाईक मिळायला हवं."

"आणि मी?"

"तू बरी आहेस. घासाघीस करत नाहीस."

ती हसली. हसताना ती आधी खाली बघायची आणि मग एकदम वर. त्या मधल्या क्षणासाठी दिनानाथ आठवडाभर विनोद जमवून ठेवायचा. बाकी काही जमवायला हवं होतं, हे त्याला सुचलंच नाही.

एका रविवारी ती म्हणाली, "पाण्यात घालून बघू. छिद्र असेल तर बुडबुडे दिसतील."

मामाची कोन गावात विहीर होती. दिनानाथने वजनासाठी शिसं नाही म्हणून तराजूची वजनं घेतली. शशिकलाने ती खिशांत भरली, पायऱ्या उतरली, श्वास कोंडला आणि पाण्याखाली गेली. जराशी हवा सोडून ती विहिरीच्या मध्यावर स्थिर थांबली. हात पसरलेले, केस मोकळे, डोळे उघडे. वरून उन्हाचा एक पट्टा तिच्या खांद्यावर येऊन थांबला होता. दिनानाथ काठावर ओणवा होऊन बघत राहिला, आणि त्यालाही श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

पाण्याला आलेल्या गुणाबाईने आत डोकावलं आणि हातातला हंडा टाकला.

"आरं, पोर बुडली तं. आनि तू बघत काय बसलास? उडी मार की."

"मला पोहता येत नाही, काकी."

"मंग तिला बुडवलीस कशाला?"

तोवर निम्मं कोन दोर आणि बाजा घेऊन हजर झालं होतं. शशिकला वर आली तेव्हा काठावर पंधरा-वीस तोंडं होती. तिने सगळ्यांना नमस्कार केला. एका म्हाताऱ्याने तो परतही केला.

लोक पांगल्यावर ती पायरीवर केस पिळत बसली. दिनानाथने आपला रुमाल पुढे केला. त्यावर ग्रीसचे डाग होते. तिने तरी तो घेतला.

"एकही बुडबुडा दिसला नाही," ती म्हणाली.

"विहिरीचं पाणी जड असतं. दाबून टाकतं."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रुमालाची घडी घालत, त्या घडीकडेच बघत म्हणाली, "मला मुंबईतही एक काम मिळतंय. प्रयोगशाळेत. टेबलावर बसून. शनिवार-रविवार सुट्टी... इकडे येता येईल. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, हे की ते." ती थांबली. "तू सांग ना. काय करू?"

पाणी हलायचं थांबलं होतं. दूरवर कुणाच्या तरी बागेत मोहोरलेल्या झाडांना पाणी सोडलं होतं, त्याचा ओला वास येत होता. दिनानाथच्या तोंडाशी एक वाक्य आलं. अगदी साधं, दोन शब्दांचं. त्याने ते जिभेवर ठेवून पाहिलं, आणि ते इतकं उघडं वाटलं की त्याला लाज वाटली. मग सवयीने दुसरंच वाक्य पुढे आलं.

"टेबलावर बसायला जाकीट लागत नाही," तो म्हणाला. "म्हणजे आमचं नुकसानच."

शशिकला हसली. पण ह्या वेळी ती खाली बघून हसली आणि वर बघायची राहिली.

पुढच्या शनिवारी हवा भरायला ती आली नाही. रविवारी सकाळी मात्र आली, आणि बसायला दिलेल्या खुर्चीवर बसली नाही.

"नारिंगी दे," ती म्हणाली.

"नारिंगी? ते कानाला लागतं तुझ्या."

"लागू दे. गळणाऱ्यापेक्षा बरं. पंधरवड्यात निघायचंय."

दिनानाथने नारिंगी जाकीट खाली काढलं. हात त्याच्या बंदांवर होता आणि डोळ्यांसमोर समुद्र होता. तो त्याने कधी आतून पाहिला नव्हता, म्हणून त्याला तो फार खोल दिसला. जाकीट वर सरकतंय, तिला मान वळवता येत नाहीये आणि हाक मारायला तिथे कुणी गुणाबाई नाही.

"हे नको नेऊ," तो म्हणाला. "ते काळं-निळं... ते गळत नाही. कधीच गळलं नव्हतं. हवा मी सोडायचो. रविवारी सकाळी, तू यायच्या आधी."

"माहीत आहे."

"...माहीत आहे?"

"समोरच्या टपरीवरून तुझं दुकान दिसतं. दुसऱ्या रविवारी मी लवकर आले होते. तू जाकिटाला मिठी मारून उभा होतास." ती किंचित हसली. "तोंड असं, जसं मुलीची पाठवणी चाललीय."

"मग तू... तरी येत राहिलीस?"

"तूही हवा सोडत राहिलासच ना?"

रस्त्यावरून उरणची बस गेली.

"मग नारिंगी कशाला मागितलंस?"

"हे तुझ्या तोंडून निघावं म्हणून. बाकी सगळे उपाय संपले होते. विहिरीवर तर मी अगदी ताटात वाढून ठेवलं होतं रे." तिचा आवाज जरासा बारीक झाला. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मावशीकडे फोन आहे, नंबर तुझ्याकडे आहे. मग लक्षद्वीपला होकार कळवला. मुंबईची जागा लगेच दुसऱ्याला दिली त्यांनी."

दिनानाथने काउंटरला धरलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, कुठलाही विनोद न जोडता, त्याने सगळं सांगितलं. ती पहिल्या दिवशी दारात आली तेव्हाचं. पट्ट्याचं. विहिरीतल्या उन्हाचं. ते दोन शब्द — "नको जाऊस" — तेही सांगितले. वाक्यं एकमेकांत अडकत होती, पण त्याने मधे कुठेही थांबून तिला हसवायचा प्रयत्न केला नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. डोळे भरले होते, ते तिने ओढणीने नाही, हाताच्या पाठीने पुसले.

"किती छान बोलतोस तू," ती म्हणाली. "एक आठवडा आधी बोलला असतास तर..."

"अजूनही..."

"नाही, दिनानाथ. आता राहिले, तर मनातून जन्मभर तुझ्यावर राग राहील. गेले, तर फक्त वाईट वाटेल." तिने काळं-निळं जाकीट उचललं आणि छातीशी धरलं. "आणि मला ते प्रवाळ खरंच बघायचेत रे. ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू हसवत राहिलास, मीही हसत राहिले."

"वाट बघू?"

तिने विचार केला. खोटं बोलायचं नाही, एवढं ठरवून केलेला विचार होता तो.

"वाट बघ असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांत माणूस कुठला कुठे जातो." मग हळूच, "पण पत्र लिही. आत्ता बोललास तसं. आधीसारखं नको."

पुढची बस आली. शशिकला चढली. दिनानाथ दारात उभा राहिला. बस वळली, धूळ खाली बसली, समोरच्या टपरीवर कुणीतरी स्टोला पंप मारू लागलं.

मामा जेवून दुकानावर आला, तेव्हा दिनानाथ ती दोन उरलेली जाकिटं समोर ठेवून बसला होता.

"ती करंज्याची पोर आली होती म्हणे," काशिरामशेठ म्हणाला. "घेतलं का शेवटी? एवढे रविवार फुकटचा चहा पिऊन काय म्हणत होती?"

ह्या प्रश्नावर दिनानाथला एकाच वेळी तीन झकास उत्तरं सुचली. तिन्ही ऐकून मामा पोट धरून हसला असता.

"'थांब' म्हण, म्हणत होती," दिनानाथ म्हणाला. "मी म्हटलंच नाही."